किती सीसीची गाडी घ्यावी?

मोटारसायकल घ्यायचे ठरले की घरात पहिला वाद होतो तो सीसीवरून. मुलाला साडेतीनशेची हवी असते, वडील शंभरच्या पुढे सरकायला तयार नसतात, आणि आई एवढेच विचारते की मागे नीट बसता येईल ना. तिघांत तिचाच प्रश्न शहाणपणाचा, आणि शोरूममध्ये नेमका तोच कोणी काढत नाही. जाहिरातीत बर्फाळ खिंड असते, मोकळा रस्ता असतो, गाडीवर एकटाच स्वार असतो. घेणाऱ्याची गाडी मात्र हडपसरहून हिंजवडीला, घरून स्टेशनला किंवा वाडीवरून तालुक्याच्या बाजाराला जाणार असते. वर्षातले तीनशे दिवस ती कामावर जाते आणि आठ-दहा दिवस, तेही जमलेच तर, सहलीला. तेव्हा निवड करताना हिशोब त्या तीनशे दिवसांचा धरावा. बहुतेकांना त्यासाठी १०० ते १२५ सीसीची गाडी पुरते, सहलीचे दिवसही तिच्यावर चांगले निभतात, आणि वाचलेला पैसा हेल्मेट, टायर व ब्रेक यांवर घातला तर तो खऱ्या अर्थाने कामी येतो. या म्हणण्याला आक्षेप बरेच आहेत, त्यांतले एक-दोन तर मान्यच करावे लागतात. पण आधी हिशोब.

रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले तर वर्षाचे ९,००० होतात. शंभर सीसीची गाडी नीट राखली तर ६०चा ॲव्हरेज सहज देते, म्हणजे वर्षाला १५० लिटर पेट्रोल. साडेतीनशेच्या गाडीचा ॲव्हरेज उदारपणे ३५ धरला तरी २५७ लिटर लागतात. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, त्यामुळे फरक वर्षाला अकरा हजारांच्या आसपास जातो आणि पाच वर्षांत पन्नास हजार ओलांडतो. त्यात खरेदीच्या किमतीतला लाखाच्या घरातला फरक आणि त्यावरचे हप्ते मिळवा. विम्याचेही तसेच. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये आहे, आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. सप्टेंबर २०२५मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ‘आता मोठी घ्यायला काय हरकत आहे’ असे अनेकांनी मनाशी म्हटले असेल. पण ती सवलत छोट्या गाडीलाही तेवढीच मिळाली, आणि पेट्रोल पंपावर कोणाला सवलत नाही. टायर, ब्रेकपॅड, चेनस्प्रॉकेट, सर्व्हिसिंग, सगळे मोठ्या गाडीचे महागच असते. शोरूमच्या कोटेशनवर यातले काही छापलेले नसते.

हा हिशोब देशाने चाळीस वर्षांपूर्वी एकदा केलेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारसायकल म्हणजे बुलेट, राजदूत किंवा येझदी. दणकट गाड्या, पण पेट्रोल पिणाऱ्या आणि किक मारताना पायाची परीक्षा घेणाऱ्या. १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिन, हलका सांगाडा आणि एका लिटरमध्ये तोवर न ऐकलेले अंतर. १९९४च्या स्प्लेंडरने तोच मार्ग पुढे नेला, आणि इंजिन ९७.२ सीसीचे आणि ताकद आठ अश्वशक्तीची असलेली ही गाडी आजही खपते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, टाकीवर पिशवी आणि मागे माणूस घेऊन भल्या पहाटे डेअरीवर जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात, त्या बहुतेक याच वर्गातल्या असतात. गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी चालवणारे पायलट हौसेखातर गाडी घेत नाहीत, आणि त्यांच्याकडेही हलकी, कमी सीसीचीच गाडी बहुधा दिसते. गाडीवर पोट असणाऱ्यांनी केलेली निवड कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठा पुरावा आहे. २००१मध्ये बजाजच्या पल्सरने ताकदीची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. ती हौस वाईट नाही. फक्त तिला गरज म्हणू नये.

मोठ्या गाडीच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो वेगाचा. वेग हवा असेल तर तो वापरायला रस्ता हवा, आणि महाराष्ट्रात ज्या रस्त्यांवर तो बिनधोक वापरता आला असता तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक, मुंबईचा कोस्टल रोड, यांतल्या एकावरही मोटारसायकल चालत नाही, मग ती शंभर सीसीची असो की हजारची. उरले ते जुने महामार्ग, घाट, राज्यमार्ग आणि शहरातले रस्ते. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलची वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि शहरात व इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे, आणि स्थानिक पातळीवर ती आणखी कमी असू शकते. गर्दीच्या वेळी शहरात सरासरी वेग पंचविशीच्या पुढे क्वचितच जातो. सिग्नलला सगळे एकाच रांगेत उभे असतात, वीस अश्वशक्तीवालाही आणि आठवालाही.

वेगाचा दुसरा हिशोब थांबण्याचा आहे. ताशी ६०च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आडवे आले, ते ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद संपतो. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावणाऱ्यालाही आणखी २१ मीटर लागतात, म्हणजे एकूण ३८. ताशी ८०ला हेच अंतर ६० मीटरवर जाते. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि थांबायचे अंतर दीडपटीहून जास्त झाले. आपल्या रस्त्यावर म्हैस, रिक्षा, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर किंवा रंग उडालेला स्पीडब्रेकर साठ मीटर आधी सूचना देऊन येत नाही. आणि गंभीर अपघात फक्त भन्नाट वेगात होतात हा समजही खरा नाही. कॅलिफोर्नियात हॅरी हर्ट यांच्या चमूने ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१मध्ये प्रसिद्ध झाला. धोका समोर येण्याआधी त्या गाड्यांचा मध्यवर्ती वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर होता, आणि धडकेच्या क्षणी तर ३५च्याच आसपास. वारंवार आढळलेले कारण होते समोरून वळणारी मोटार, जिच्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती. अनेक स्वारांनी ऐनवेळी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवले आणि पुढचा पुरेसा वापरला नाही, हेही त्या अहवालात आहे. अहवाल परदेशातला आणि जुना असला तरी ही सवय आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. ‘पुढचा ब्रेक मारू नको, पालथा होशील’ हे ऐकतच इथे प्रत्येक जण गाडी शिकतो. प्रत्यक्षात ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. रिकाम्या मैदानात, सरळ रेषेत, आधी २० आणि मग ३०च्या वेगात दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू दाबत नेण्याचा सराव करावा. पुढचा ब्रेक झटक्याने धरू नये, पिळत नेल्यासारखा धरावा. एका रविवारचा तासभर यासाठी पुरतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता घाट. ‘शंभरची गाडी डबलसीट घाट चढत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की हिशोब मांडून पाहणे बरे. गाडी ११२ किलोची, दोन माणसे आणि थोडे सामान धरून एकूण २६० किलो. आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर उंची, ताशी ४०च्या वेगाने चढायला गुरुत्वाविरुद्ध साधारण तीन अश्वशक्ती लागतात. वारा आणि टायरचे घर्षण मिळून आणखी एक. इंजिनाकडे आठ आहेत. म्हणजे गाडी चढते. फक्त चौथ्या गिअरमध्ये रेटून चढत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यावर आणून इंजिन थोडे फिरू द्यावे लागते, आणि ते फिरू देण्याची अनेकांना भीती वाटते. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबोली यांच्या वळणांवर चाळीसच्या पुढे जाण्यात तसाही अर्थ नसतो. खरी काळजी उतरताना घ्यायची. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून, काही जण तर इंजिन बंद करून, घाट उतरतात. अशा वेळी गाडी आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडते. ब्रेक तापतात, पकड सैल होते, आणि ते कळते नेमके वळणावर. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक वळणापुरते राहतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, त्यामुळे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. २०२०नंतरच्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्याच आहेत.

ओव्हरटेकचा आक्षेप मात्र खरा आहे. दुपदरी रस्त्यावर एसटीच्या किंवा ट्रेलरच्या मागे अडकले की शंभरच्या गाडीवर डबलसीट पुढे काढायला लांब मोकळा पट्टा लागतो, आणि नसेल तर मागे थांबावे लागते. ज्याला थांबणे जमत नाही त्याने छोटी गाडी घेऊ नये. (त्याने मोठीही घेऊ नये, पण तो वेगळा विषय.) ज्याचा रोजचा मार्गच चाकण-नाशिक रस्त्यासारखा आहे, अवजड वाहनांच्या सोबतीने पंधरा-वीस किलोमीटर जावे लागते, त्याने १५० ते १६० सीसीची गाडी घ्यावी. ते रोजच्या गरजेला धरूनच होईल. दुसरा खरा आक्षेप एबीएसचा. एप्रिल २०१९पासूनच्या नियमानुसार १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. १२५पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस चालते, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, पण चाक जाम होण्यापासून ते वाचवत नाही, ते काम एबीएसचे. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला एबीएसचा उपयोग होतो, यात वाद नाही. म्हणून दहा-पंधरा हजार जास्त मोजायचेच असतील तर सीसी वाढवण्याऐवजी एबीएससाठी मोजावेत. आता काही १२५ सीसीच्या गाड्यांतही ते मिळते. किमान पुढच्या चाकाला एबीएस आणि डिस्कब्रेक असलेले मॉडेल घ्यावे. रंगाच्या पट्ट्या, ब्लूटूथ आणि खोट्या एअर स्कूपचे पैसे कापून हा खर्च बसवता येतो.

वाचलेल्या पैशातला पहिला वाटा हेल्मेटचा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि केंद्र सरकारच्याच अहवालानुसार ५० हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. एकसष्ट अभ्यास एकत्र करून २००८मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी घटतो. तरी पुण्यात हेल्मेटविरोधी मोर्चे निघाले आहेत, आणि त्यांतले मुद्दे अगदीच टाकाऊ नव्हते. घाम येतो, मान अवघडते, बाजूचे कमी ऐकू येते. पण यातला बराच त्रास चुकीच्या मापाच्या, रस्त्याकडेला तीनशे रुपयांत मिळणाऱ्या टोपलीचा असतो. आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१ हे मानक, ही किमान अट. त्यानंतर माप. हेल्मेट घालून बक्कल लावावे आणि दोन्ही हातांनी ते डावी-उजवीकडे फिरवावे. डोके त्याच्याबरोबर फिरले, गालांची कातडी ओढली गेली तर माप बरोबर. नुसते हेल्मेटच फिरले तर ढिले. मग मागून खालची कड धरून पुढे ढकलून पाहावे, निघून आले तर ते पडतानाही निघेल. आतला फोम एका आपटण्यापुरताच असतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही कोरे दिसले तरी बदलावे. ‘गावातल्या गावात कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी हर्ट यांचा तो ३५चा आकडा वर आलाच आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे, दंड १,००० रुपये आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबन. पण दंडाच्या भीतीने घेतलेले हेल्मेट कोपराला लटकून फिरते.

मागे बसणाऱ्याचा विचार गाडी निवडतानाच करावा. स्पोर्टी मॉडेलांची मागची सीट उंच, तिरपी आणि वीतभर असते. तिच्यावर साडी नेसून एका बाजूला बसणे म्हणजे कसरत, आणि ब्रेक लागला की मागचा माणूस सरळ चालवणाऱ्याच्या पाठीवर. एकसंध, सपाट सीट, धरायला भक्कम कडी, दोन्ही बाजूंना पायटे आणि मागच्या चाकाला साडीगार्ड, एवढे हवेच. साडीगार्ड आणि कडी मोटार वाहन नियमांतच आहेत, पण गाडी दिसायला रुबाबदार व्हावी म्हणून लोक साडीगार्ड काढून टाकतात. ओढणी, पदर किंवा रेनकोटची पट्टी चेनमध्ये अडकून होणारे अपघात भयंकर असतात, आणि ते वेगावर अवलंबून नसतात. चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३पासून पट्ट्याचा हार्नेस, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४०ची मर्यादा बंधनकारक आहे. टाकीवर बसवलेले मूल हँडलवर आदळते. ‘आम्ही पण असेच वाढलो’ हे जे वाढले तेच सांगतात.

दुसरा वाटा टायरचा आणि देखभालीचा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ३२२३ असेल तर तो २०२३च्या ३२व्या आठवड्यात बनला. नवा म्हणून विकला जाणारा टायर दुकानात तीन वर्षे पडून असू शकतो, तेव्हा पैसे देण्याआधी आकडे वाचावेत. खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला, दुरून कितीही बरा दिसो. हवा गार टायरमध्ये भरावी आणि डबलसीट जायचे असेल तर मागच्या चाकात जास्त. दोन्ही आकडे चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत दिलेले असतात. ‘दोन्हीकडे तीस मार’ हा पंपावरचा सर्वमान्य आकडा बहुतेक गाड्यांना लागू पडत नाही. चेनचे असे आहे: गाडी डबल स्टँडवर लावावी, न्यूट्रल करावी, खालच्या बाजूला दोन दातेरी चक्रांच्या बरोबर मध्ये चेन बोटाने वर-खाली हलवावी. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असावा. चाक थोडे फिरवून पुन्हा पाहावे, कारण जुनी चेन एका ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी ढिली असते, आणि तशी झाली की ताणून उपयोग नसतो, सेट बदलावा लागतो. चेनकव्हर बंद असेल तर रबरी बूच काढले की बोट आत जाते. हे सगळे आठवड्याला दहा मिनिटांचे काम आहे. छोट्या गाडीचा फायदा इथेही दिसतो: तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि तिला हात लावू शकणारा मिस्त्री प्रत्येक फाट्यावर असतो. १९५ किलोची गाडी पंक्चर झाली तर ती ढकलायलाच दुसरा माणूस लागतो.

पावसाळ्याबद्दल थोडे वेगळे. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, आणि तो अर्धा-पाऊण तास नंतरच्या मुसळधारेपेक्षा जास्त घसरडा असतो. तेवढा वेळ टपरीवर काढायला हरकत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची झाकणे, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, यांवरून जाताना गाडी सरळ ठेवावी, ब्रेक आधी किंवा नंतर. साचलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही, म्हणून पुढचे वाहन जिथून गेले त्याच रेषेतून जावे. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावून तो कोरडा करून घ्यावा, ड्रमब्रेक असेल तर नक्कीच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी धरते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर टाकीच्या झाकणाचे रबर तपासून घ्यावे.

इलेक्ट्रिक का नको, असे कोणी विचारेल. रोजचे अंतर ठरलेले असेल आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळत असेल तर जरूर घ्यावी. हिशोब तीनशे दिवसांचा करा या म्हणण्यात ती चपखल बसते. जुलै २०२४मध्ये बजाजने जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल आणली. तिच्यात दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल बसते. घराजवळ सीएनजी पंप असेल आणि तिथली रांग सोसवत असेल तर तीही चांगली. आणि दारात लोकल किंवा मेट्रो असेल तर गाडी स्टेशनपर्यंतच न्यावी. मोटारसायकलची खरी जागा जिथे एसटी दिवसातून तीनदा येते तिथे आहे.

राहिली सहल. कोकणातल्या सागरी मार्गाने जायचे तर छोटी गाडी कमी पडत नाही. अरुंद रस्ता, गावागणिक वळणे, मधे खाड्या. वेग आपोआप चाळिशीत येतो आणि तिथे आठ अश्वशक्तींचे इंजिन मजेत चालते. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांवर मोटारसायकल चढवता येते. एका फेरीने बराच मोठा वळसा वाचतो, आणि हलकी गाडी रॅम्पवरून चढवणे-उतरवणेही सोपे जाते. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर ठरवू नये, अंधारात घाट ठेवू नये आणि सामान पाठीवर न घेता सीटच्या दोन्ही बाजूंना खाली टांगावे. खांद्यावर दहा किलो घेऊन तासाभराने मान वळवून मागे पाहणेही जड जाते. लांबच्या सलग प्रवासात शंभरच्या गाडीचे हँडल झिणझिणते, सीट टोचू लागते, हे खरे आहे. त्याला उपाय तासाला एक चहा, आणि तेवढ्यावर भागत नसेल तर भाड्याची मोठी गाडी. वर्षातून एकदा हिमालयात किंवा गोव्यात साडेतीनशेची हौस फेडायची असेल तर पाच-सात दिवसांचे भाडे तिच्या वर्षभराच्या हप्त्यांपुढे काहीच नाही. भाड्याच्या गाड्यांसाठी केंद्राची १९९७ची योजना आहे आणि त्या परवान्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. गोव्यात पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही दोनशे रुपये कमी करून दिल्या जातात. त्या घेऊ नयेत, कारण अपघात झाला तर विमा कंपनी खासगी गाडी भाड्याने दिली होती म्हणून हात झटकू शकते. काळ्या पाटीची गाडी घेतानाही विम्याची आणि पीयूसीची तारीख वाचावी, दोन्ही ब्रेक, दिवे आणि टायर पाहावेत, आधीचे ओरखडे मालकासमोर मोबाइलवर टिपून ठेवावेत, आणि हेल्मेट शक्यतो घरूनच न्यावे. भाड्याबरोबर मिळणारे हेल्मेट कोणाच्याच मापाचे नसते.